मापासाठी उभी

माझ्या थोरल्या बहिणीचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि त्यांतल्या एकातही तिचं तोंड नाही.

फोटो तिच्या नवऱ्याने काढलेले. भावोजी एका कारखान्याच्या नकाशा विभागात ड्राफ्ट्समन होते. रेघ सरळ असावी, कोन काटकोन असावा आणि बायकोने मधे बोलू नये, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास. ऑफिसात पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणत. ताईच्या कानावर हे नाव आलं तेव्हा ती ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, "चुकलंच त्यांचं. फूटपट्टी निदान थोडी तरी वाकते."

ताईला स्वतःचा एक नीट फोटो हवा होता. ही हौस नव्हती, भीती होती. आमची आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचं तोंड आठवत नाही, आणि फोटो एकही नव्हता. ताईला आठवत होतं. आम्हा दोघींना सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या मुलींच्या आया भेटायला येत, तेव्हा आम्ही मागच्या पायरीवर जाऊन बसायचो आणि मी विचारायची, "आई कशी होती?" ताई माझं बोट धरून स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायची. "नाक हे असंच. बारीक, आणि शेंड्याला जरासं उजवीकडे वळलेलं. हनुवटी तुझी. कपाळ दोघींचं." माझी आई मला एवढीच ठाऊक आहे, बोटाने चाचपलेली.

ताईची मुलगी लग्न करून लांब गेली. तिला मुलगी झाली, तशी ताईची ही भीती जागी झाली. "नातीला माझं तोंड कोण दाखवणार?" ती म्हणायची.

"मी आहे ना."

"तू? तुला काल काय भाजी केली ते आठवत नाही."

तसे तिचे फोटो म्हणायला होते. लग्नात काढलेल्या दोन्ही फोटोंत तिची मान खाली आणि तोंड मुंडावळ्यांआड. मुलगी झाल्यावर काढलेल्या फोटोंत मुलगी पूर्ण आणि तिला धरलेले ताईचे दोन हात. ओळखपत्रावरचा फोटो नखाएवढा आणि कारकुनाने शिक्का मारला तो बरोबर तोंडावर. स्टुडिओत जाऊन ये, असं मी कितीदा सांगितलं. भावोजी मधेच म्हणाले, "घरात विहीर असताना पाणी विकत आणतात का?" आणि ते आत गेल्यावर ताई म्हणाली, "त्यांनीच काढायला हवा गं. त्या निमित्ताने एकदा तरी डोळा लावून बघतील."

भावोजी निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेऱ्याची जुनी लेन्स दुकानात देऊन तिच्या बदल्यात अल्ट्रा-वाइड लेन्स आणली. बेडकाच्या डोळ्यासारखी पुढे आलेली काच. त्यातून बघितलं की आपण खोलीच्या एका भिंतीला टेकून उभे असलो तरी समोरच्या तिन्ही भिंती, छत, जमीन आणि खाली पाहिलं तर आपल्याच चपला दिसायच्या. भावोजी लहान मुलासारखे हरखले होते. त्यांनी अख्खी इमारत, अख्खा बाजार, अख्खं आकाश फोटोत भरलं. महिनाभर नुसतं भरत होते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फोटोक्लब भरायचा. शेवटच्या रविवारी सगळे आपापले फोटो भिंतीला लावत आणि एकमेकांचे वाभाडे काढत. मी आणि ताई चहाचे कप भरायला जायचो. क्लबचे मास्तर म्हणजे एका वर्तमानपत्रातले निवृत्त फोटोग्राफर, बोलायला हळू आणि घाव घालायला नेमके. त्यांनी भावोजींचे फोटो पाहिले आणि विचारलं, "काय दाखवायचं होतं?"

"सगळं," भावोजी म्हणाले.

"सगळं आलंय. आता फोटो काढा."

खोली हसली. सगळ्यांत मोठ्याने हसले ते दातांचे डॉक्टर. गेली दोन वर्षं वार्षिक स्पर्धेचा कप त्यांच्याच दवाखान्यात, कवळ्यांच्या शेजारी ठेवलेला होता.

पण मास्तरांनी शिकवायला आळस केला नाही आणि भावोजींनी शिकायला. कॅमेरा जरा वर किंवा खाली झुकवला की भिंती एकमेकींच्या अंगावर पडतात, म्हणून तो पाण्याच्या पातळीसारखा सपाट धरायचा. या लेन्समध्ये जवळचं राक्षसाएवढं होतं आणि लांबचं मुंगीएवढं. तेव्हा पुढे काहीतरी ठेवल्याशिवाय चित्राला तोंड फुटत नाही. कडेला माणूस ठेवला तर तो ओढल्यासारखा लांबतो, त्याचं डोकं दुधी भोपळ्यासारखं होतं. आणि जागा मोठी असेल तर आत कुठेतरी एक माणूस उभा करायचा, नाहीतर तिचा मोठेपणा कळत नाही.

"मापासाठी," मास्तर म्हणाले.

भावोजींनी हा शब्द घरी आणला आणि ताईला कामाला लावलं.

मग ती कुठे कुठे उभी राहिली! बंद पडलेल्या कारखान्याच्या रिकाम्या दालनात. पाण्याच्या टाकीच्या खांबांमध्ये. कोर्टाच्या पायऱ्यांवर, एकदा तळाशी आणि एकदा टोकाला. तिचे गुडघे दुखायचे. टोकाला चढून गेली की भावोजी खालून ओरडत, "एक पायरी डावीकडे!" पायरी डावीकडे कशी असते हे विचारायचा तिला दम नसे. बरोबर मीही असायची, थर्मास आणि तिची गुडघ्याची पट्टी घेऊन.

एकदा पुलाखाली ती नदीच्या काठाला उभी होती.

"अजून मागे!"

"अहो, मागे पाणी आहे!"

"मग थोडंच मागे!"

तिची चप्पल भिजली. तिथूनच तिने विचारलं, "इथून माझं तोंड दिसतं का हो?"

"तोंड काय करायचंय? कमान दिसतेय."

परत येताना ती मला म्हणाली, "छोटे, मी मेल्यावर लोक म्हणतील, बाई काय मोठ्या मोठ्या जागी राहत होती!"

न्हाणीघरात त्यांनी काळोख करून फोटो धुवायची सोय केली होती. ते आत असेपर्यंत घरात कोणाला आंघोळ नाही आणि दुसरंही काही नाही. ताई मग माझ्याकडे यायची, घाईघाईने. कधी फोटोत भिंत पडलेली आली तर भावोजी आत मोठा करताना कागदाच्या एका बाजूखाली जाड पुस्तक सरकवून कागद तिरका करत. तिकडे कागद तिरका झाला की इकडे भिंत सरळ उभी राहायची. यासाठी त्यांनी माझा शब्दकोश नेला होता. मला तो शाळेत निबंधासाठी मिळालेला. त्याच्या पुठ्ठ्यावर अजून औषधाचे डाग आहेत.

एक गोष्ट मात्र ते कधीच करत नसत. ते कापत नसत. निगेटिव्हवर जे आलं ते पूर्ण, कडेच्या काळ्या रेघेसकट, कागदावर आलं पाहिजे. क्लबात सगळेच कापत, मास्तरसुद्धा. भावोजींच्या मते कापणं म्हणजे चूक झाकणं. "नकाशा चुकला तर आपण कारखाना कापतो का?" ते विचारत. यावर कोणाला उत्तर सुचायचं नाही, कारण प्रश्नच तसा असायचा.

स्पर्धा जवळ आली. भावोजींनी पुलाचा फोटो क्लबात लावला. खरंच देखणा होता. कमान डोक्यावरून जाते आहे आणि तिच्या खाली, अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढं कोणीतरी.

डॉक्टर जवळ गेले, चष्मा वर केला. "साहेब, निगेटिव्हवर मुंगी चढली होती वाटतं?"

"ती माझी बायको आहे."

"अरेरे, वहिनी! माफ करा हं. तुम्हाला असं चिरडताना साहेबांना काहीच कसं वाटलं नाही?"

लोक पोट धरून हसले. ताईही हसली, हातातली किटली डचमळेपर्यंत. मास्तर हसले नाहीत. ते भावोजींना म्हणाले, "तुम्ही या लेन्सने नेहमी मागे सरकता. ती मागे सरकायची लेन्सच नाही. जवळ जा. इतके जवळ जा की तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

 घरी दार उघडताना भावोजी किल्ली कुलपात ठेवूनच म्हणाले, "उद्या तुझा फोटो काढायचा. चेहऱ्याचा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. नवी नवरी असताना ती तशी बघत असेल, मला माहीत नाही, मी तेव्हा वसतिगृहात होते.

सकाळी मी गेले तेव्हा ती तयार होती. ठेवणीतले कपडे, केस धुऊन नीट बांधलेले. माझी मोत्यांची कानातली तिने आदल्या दिवशीच मागून नेली होती. माझ्या सासूबाईंची ती, मोठाली. मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड झालेत." ती म्हणाली, "असू दे, एका दिवसापुरतं नाक सोसेल."

भावोजींनी तिला खिडकीशी बसवलं. माझ्या हातात पांढरी चादर दिली, उजेड परतवायला. मग त्यांनी कॅमेरा आणला तो तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मला वाटलं, काच पुसायला आणलाय.

"इतक्या जवळून?" ताई म्हणाली. "अहो, माझं नाक..."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. पण टायमर लावून काढलेला तुमचा तो बुटाचा फोटो होता ना, बूट होडीएवढा आणि तुम्ही मागे बाहुलीएवढे. तसंच होईल."

"हसू नको. दात दिसतात. हनुवटी पुढे. अजून पुढे."

काच तिच्या श्वासाने धुरकटली. त्यांनी ती पुसली आणि तिला श्वास धरायला सांगितलं. ताई इतकी वर्षं त्या लेन्ससमोर उभी राहिलेली; जवळच्याचं ती काय करते हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने हनुवटी पुढे केली. त्यांचा डोळा त्या काचेच्या पलीकडे होता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

वाचनालयाच्या दर्शनी दालनात तो फोटो दारातून आत येताच समोर दिसेल असा लावला होता, खिडकीच्या झडपेएवढा. नाक अर्ध्या कागदावर पसरलेलं, शेंडा भोवऱ्यासारखा. नाकपुड्या म्हणजे दोन बोगदे. डोळे मागे सरकलेले, दोन्ही बाजूंना वाहत गेलेले. कान नव्हतेच, मोतीही नव्हते. हनुवटीवरचा एकेक केस तारेसारखा. खाली पाटीवर नाव होतं, 'म्हातारी'.

ताई फोटोच्या शेजारीच उभी होती, तेच कपडे घालून, तेच मोती घालून. येणारे-जाणारे थबकत. कॉलेजातल्या दोन मुली आल्या. एक म्हणाली, "अगं बाई, ही तर माझी होणारी सासू!" दुसरी म्हणाली, "रात्री स्वप्नात येईल हं." पहिलीने वळून ताईलाच विचारलं, "आजी, जरा सरकता का? नाव वाचायचंय." ताई सरकली. तिला कोणी ओळखलं नाही. एका माणसाने तर तिला विचारलं, ही बाई खरी आहे का मेणाची?

डॉक्टर हात पुढे करून आले. हरले होते, पण जीभ हरली नव्हती. "वाहवा साहेब! शेवटी वहिनींना मोठं केलंत म्हणायचं!"

भावोजींनी कप दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांनी बाळ तसं धरलेलं मला आठवत नाही.

परतताना ताई म्हणाली, "बक्षीस नाकाला मिळालं. कप त्यालाच अडकवा." आणि थोडं चालल्यावर, "आता एक साधा काढाल?"

"साधी लेन्स आहे कुठे? ती दिली ना दुकानात."

"हिनेच काढा. मी सांगते. माझ्यापासून चार पावलांवर उभे राहा आणि मला मधोमध ठेवा. मधोमध असलेलं माणूस माणसासारखंच राहतं, मी तुमच्या सगळ्या फोटोंत बघितलंय. लहान येईन, येऊ दे. मग मोठा करताना आजूबाजूचं कापून टाका."

भावोजी रस्त्यातच थांबले. "कापून टाका?"

"एकदाच. माझ्यापुरतं."

"आजूबाजूचं कापायचं तर ही लेन्स घ्यायची कशाला? आज त्या दालनात एकच फोटो न कापलेला होता. एकच. त्याला बक्षीस मिळालंय. आणि उद्या मी घरी बसून बायकोचा पासपोर्ट फोटो कापू?" त्यांनी कप दुसऱ्या काखेत घेतला. "साधा फोटो कोणीही काढतं."

"कोणीही काढला नाही ना पण," ताई म्हणाली.

त्यानंतर ती मापासाठी उभी राहायला जाईना. गुडघे दुखतात म्हणाली. भावोजींना शेजारचा निवृत्त पोस्टमन मिळाला. तो हलतो, अशी त्यांची तक्रार असायची.

मग ताईचं दुखणं निघालं आणि फार दिवस चाललं नाही. महिन्याभरात गालांची हाडं वर आली, डोळे खोल गेले. एका सकाळी मी तिच्या उशाशी होते. भावोजी दारात आले. खिडकीतून तिरपं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. त्यांनी मान कलती करून पाहिलं आणि आत जाऊन कॅमेरा घेऊन आले.

"प्रकाश फार छान पडलाय," ते म्हणाले. "तुला हवा होता ना फोटो? काढू या."

ताईने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. आतून तिचा आवाज आला. "आता नको. मी गेले की काढा. तेव्हा हलणार नाही."

ती गेली तेव्हा त्यांनी काढला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तिची मुलगी आली, कडेवर तीन वर्षांची पोर. आल्यावर दोन दिवसांनी म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगला फोटो द्या. भिंतीला लावायचा आहे. हिला दाखवायला हवा."

"ढीग आहे," भावोजी म्हणाले.

कपाटातून खोके निघाले. प्रत्येक पट्टी कागदी पाकिटात, पाकिटावर जागेचं नाव, भिंगाचा आकडा, उजेड. ते खिडकीशी बसले आणि भिंगातून एकेक निगेटिव्ह पाहू लागले. पूल. टाकी. दालन. पायऱ्या. सगळीकडे ताई होती, जिथे उभी केली तिथे इमानाने उभी. पुलाखालची मधोमध होती म्हणून त्यांनी ती जमेल तेवढी मोठी केली, आणि हो, कापली. हयातीत पहिल्यांदा कापली. कागदावर राखाडी ठिपके आले. लांबून बघितलं तर बाई वाटायची, जवळून बघितलं तर चाळणीतून पडलेलं पीठ.

"बाबा, ह्यात तोंड कुठंय?"

"थांब जरा."

बक्षिसाचा फोटो बैठकीत लावलेलाच होता. मुलीने आल्या दिवशीच त्याच्यावर चादर टाकली होती. पोर दिवाणावर झोपायची आणि जाग आली की त्याच्याकडे बघून किंचाळायची. "तो सोडून कुठलाही," मुलगी म्हणाली. पण तो सोडून एकही नव्हता.

भावोजी न्हाणीघरात गेले. जाताना माझा शब्दकोश मागून घेतला. भिंती सरळ होतात तर नाक का होणार नाही, असा त्यांचा हिशेब. कागद एका बाजूने उचलायचा, मग दुसऱ्या, मग मधेच वाकवायचा. दुपार उलटून गेली. पोर आंघोळीविना रडत होती.

बाहेर आले ते हातात ओले फोटो घेऊन. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते ओळीने मांडले. एकात नाक आखूड झालं होतं पण कपाळ पसरलेलं. एकात तोंड चपटं, कुणीतरी दारात चेंगरल्यासारखं. एकात सगळं बरंचसं जागेवर बसलं होतं. ती एक बऱ्यापैकी दिसणारी, रुंद नाकाची, अनोळखी बाई होती.

"ह्यातलं कुठलं तिचं?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं चेष्टा आहे. त्यांना चेष्टा येत नसे. औषधाच्या वासाने त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते खरंच विचारत होते.

"भावोजी, तुम्ही जन्मभर तिच्यासमोर बसून जेवलात."

"म्हणून काय नाक मोजत होतो? तू सांग. तू बहीण आहेस."

"यातलं कुठलंच नाही. तिचं नाक बारीक होतं. शेंड्याला जरासं उजवीकडे."

त्यांनी पुन्हा सगळे फोटो पाहिले, बोटाने शेंडा शोधला. मग मान हलवली. "उजवीकडे बिजवीकडे काही नाही. तू म्हणतेस ती तुझी आठवण. हे निगेटिव्हवरून काढलंय." आणि त्यांनी शेवटचा, अनोळखी बाईचा उचलला. "हीच. अशीच होती."

मुलीने पाहिलं. ती लग्न करून इतकी वर्षं लांब होती. दमलेली होती, पोर कडेवर रडत होती. ती म्हणाली, "हो बाबा. बरी आलीय."

तोच फोटो भिंतीवर आहे. कडेला काळी रेघ मात्र नाही.

गेल्या महिन्यात मुलगी सुट्टीला आली तेव्हा मी गेले होते. पोर आता शाळेत जाते. दुधाचे दात पडलेत, बडबड थांबत नाही. आरशासमोर उभी राहून तिने विचारलं, "आजोबा, मी कोणावर गेले?"

"तुझ्या बापावर," भावोजी म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला जवळ बोलावलं. तिचं बोट धरलं आणि तिच्याच नाकावरून फिरवलं. बारीक, आणि शेंड्याला जरासं उजवीकडे. "आजीवर गेलीस," मी म्हटलं. "हे नाक तुझ्या आजीचं."

तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खो खो हसत सुटली. "हॅ! काहीतरीच! आजीचं नाक तर ते आहे, केवढं मोठं!"

"मावशीआजीला आता नीट दिसत नाही," भावोजी तिला म्हणाले, आणि माझा कप माझ्या हाताशी सरकवून दिला.